पांढरेशुभ्र दात

काळ्या रंगामुळे जावईबापूंच्या वाट्याला आजवर फक्त भुतांच्या भूमिका आल्या होत्या. मेकअपवाला म्हणायचा, "तुझं बरंय, माझं अर्धं काम देवानंच करून ठेवलंय." शेवटी वैतागून त्यांनी स्वतःच एक भयपट लिहिला. त्यात भूत नव्हतंच. एक काळा जावई होता, आणि गोऱ्यापान, गोडबोल्या माणसांनी भरलेलं त्याचं सासर होतं.

पहिल्या खेळाला सासूबाई नेमक्या जावईबापूंच्या शेजारच्याच खुर्चीत येऊन बसल्या. पडद्यावर दार करकरत उघडलं. आतून सासू हसत हसत आली आणि जावयाच्या तोंडाजवळ वाकून म्हणाली, "आम्ही रंगबिंग नाही हो बघत. तुमच्या लोकांचे दात मात्र काय पांढरेशुभ्र असतात."

अख्खं थिएटर आधी किंचाळलं, मग हसत सुटलं. सासूबाईही पोट धरून हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या.

"हे मी म्हणाले होते ना? तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा?"

जावईबापू खुर्चीत जरा खाली सरकले. "हो, आई. शब्द न् शब्द."

पुढं पडद्यावरच्या सासूनं तोंड उघडलं रे उघडलं, की टाळ्या पडत होत्या. सिनेमा संपून नावं वर सरकू लागली, तसा सासूबाईंनी चष्मा पुसला आणि अगदी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून काढलं. मग जावयाला कोपरानं ढोसलं.

"सगळे संवाद माझे, आणि नाव फक्त तुमचं?"