शेवटच्या पानावरचं मत

आर्णीच्या विहारातल्या वाचनालयात पुस्तक घरी न्यायच्या आधी लोक शेवटचं पान उघडून बघत. तिथं उकंडाजींनी पेन्सिलीनं आपलं मत लिहून ठेवलेलं असे. 'अर्धंच वाचा, पुढं नुसतं पाणी घातलं हाये', नाहीतर 'पोरगी उगीच मारली'. मागल्या वर्षी उकंडाजी गेले आणि नव्या पुस्तकांची शेवटची पानं कोरी राहू लागली.

पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या लेकानं, धम्मरत्ननं, वडिलांवर पुस्तक लिहिलं आणि एक प्रत वाचनालयाला पाठवली. आज तो स्वतः आला, तेव्हा पुस्तकं सांभाळणारी मोनाली म्हणाली, "दादा, कालच वाचून झालं. शेवटी काकाजीचा जीव तुमच्या मांडीवर गेला, ते वाचून मले रडूच आलं. ते असते, तं शेवटचं पान असं कोरं राह्यलं नसतं."

धम्मरत्ननं ती प्रत हातात घेतली. त्यानं सवयीनं शेवटचं पान उघडलं. पान कोरं नव्हतं. बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं दोन ओळी होत्या.

'शेवट आवडला. त्या दिवशी तू खरंच आला असता, तं मी दाराकडे पाहत पाहत गेलो नसतो.'