त्याच शब्दांची तार

"मास्तर, तार पोचलीच न्हाई. तुमच्या यंत्रात कायतरी गडबड हाय."

रंगनाथ आबा पोस्टाच्या खिडकीला चिकटून उभे होते. तारमास्तर राधाकृष्ण यांना खरं तर राग यायला हवा होता. पण आबांच्या बायकोला, बायडाबाईला, नगरच्या दवाखान्यातून परत पाठवलं होतं. कावीळ अंगात भिनली होती. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. बोलवायला होता एकच, एकुलता एक कानिफनाथ. तो पलटणीत, जबलपूरला. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

"आबा, माझ्या हातानं पाठवली. गेली ती."

"गेली आसंल, पन पोचली न्हाई. पोचली आसती तर पोरगं आलं आसतं. मागल्या खेपेला हीच तार केली हुती. 'मदर शिरेस, इष्टाट.' धावत आलं हुतं."

आबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण एवढे शब्द त्यांना पाठ होते. आई गंभीर, लगेच निघ. मागची तार राधाकृष्ण या गावात बदलून येण्याआधीची. त्यांनी जास्त काही विचारलं नाही. ते यंत्राकडे वळले.

यंत्र बिघडलं की मास्तरांना जेवण सुचत नसे. त्यांनी बॅटरीच्या बरण्या पाहिल्या, स्क्रू आवळले, कळ पुसली. मग नगरला हाक दिली. नगरचं उत्तर आलं, पण क्षीण, दुखणेकऱ्याच्या आवाजासारखं. मास्तरांना चूक सापडली. ते आबांना पोस्टाच्या मागं घेऊन गेले. यंत्राची एक तार तिथं जमिनीत पुरलेली होती. तिच्याभोवतीची माती ओली लागते, तरच संदेश नीट जातो. दुष्काळाचं साल. माती भाजून विटेसारखी झाली होती.

"पानी लागंल का?" आबांनी विचारलं.

"लागेल. पण आत्ता कुठून..."

आबा ऐकायला थांबलेच नाहीत. घरी जाऊन कळशी घेऊन आले. गावात टँकर येई तेव्हा बायका भांडून पाणी भरत. ही कळशी म्हणजे आबांच्या घरातलं त्या दिवसाचं सगळं पाणी होतं. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"बायडाबाईंना लागेल हे."

"तिला घोटभर बी गिळवत न्हाई आता," आबा म्हणाले, आणि त्यांनी कळशी ओतली. मातीनं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

नगर आता खणखणीत बोलू लागलं. मास्तरांना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. कळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आबा, शब्द बदलू का? दवाखान्यानं परत पाठवलंय, असं सविस्तर लिहू."

"नगं. त्याच शब्दांनी आला हुता त्यो. एक अक्षर हलवू नगा."

मास्तरांनी अक्षर हलवलं नाही.

तार पोचली का, अशी चौकशीही मास्तरांनी केली होती. दुसऱ्या दिवशी नगरमार्फत तिचं उत्तर आलं. दोन्ही तारा पोचल्या होत्या. पहिलीसुद्धा. दोन्ही कानिफनाथच्या हातात पडल्या होत्या. मास्तर सुन्न झाले. बॅटरी ठीक, माती ओली, संदेश माणसाच्या हातात, आणि तरी माणूस येत नाही. याच्या पुढची चूक शोधायला त्यांच्याकडे कुठलंच हत्यार नव्हतं. न पाहिलेल्या त्या पोराचा त्यांना भयंकर राग आला. आबांनी पुन्हा तार करायला लावली. शब्द तेच.

एसटीचा हॉर्न वाजला की बायडाबाई दाराकडे मान वळवायची. मग मान वळेनाशी झाली, नुसते डोळे वळायचे. आणि एका सकाळी हॉर्न वाजला तेव्हा तेही वळले नाहीत. ऊन चढत होतं, वाट पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावानं तिला नेलं. मास्तरही गेले. तांब्याभर पाणी अंगावर घेऊन दुपारी त्यांनी पोस्ट उघडलं, तर मिरजगावकडची एसटी समोर येऊन थांबली.

एक जवान उतरला. कडक इस्त्रीचा नवा शर्ट, डोक्याला तेल, एका हातात ट्रंक, काखेत हिरवंगार लुगडं. थेट खिडकीशी आला.

"राम राम मास्तर. मी कानिफनाथ, रंगनाथ आबांचा. तुमी नवे दिसताय. तारांवर तारा! आबाला लईच घाई झालीया वाटतं." तो हसत होता. "पोरगी कुटल्या गावची हाय?"

"कसली पोरगी?"

"बघायची. मागल्या खेपेला बी हीच तार आल्ती. जीव मुठीत धरून आलो, तर आय चुलीपुढं पुरनपोळ्या लाटत हुती आन वसरीवर पोरीकडचं पावनं बसल्यालं. आमच्याकडं समदेच आशी तार करत्यात. त्याबिगर सुट्टी भेटत न्हाई."

सांगायला तर हवं होतं. मास्तरांनी भलतंच विचारलं.

"मग पहिल्या तारेलाच का नाही आलास?"

"निगालोच हुतो. पन सायेब एकालाच सोडनार हुते. दोस्ताला बी तशीच तार आल्ती, म्हून माझी सुट्टी त्याला दिली." कानिफनं लुगड्याची घडी नीट केली. "त्याची आय खरंच आजारी हुती."