चढावरची टिकटिक

लिबार्दो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि त्यानं बटण दाबलं. मागे टाकीजवळ बसवलेला पेट्रोलचा पंप टिकटिक करू लागला. बोगोताहून मागवलेला, मुठीएवढा, विजेवर चालणारा. त्यानं नळीच्या जोडांवरून बोट फिरवलं. कोरडं होतं, गळती नव्हती. इंजिनावरचा जुना पंप काढून त्या जागी त्यानं सकाळीच पत्र्याची झाकणी घट्ट बसवली होती.

गावातली ही एकुलती एक मयताची गाडी. लांबलचक, काळी, लिबार्दोच्या बापापेक्षाही म्हातारी. मयताबरोबर माणसांच्या चालीनं चालायचं, त्यात दफनभूमीचा चढ. इंजिन तापायचं, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि चढाच्या मध्यावर गाडी हटकून बंद पडायची. मग पुरुष बाह्या सरसावून तिला फाटकापर्यंत ढकलत न्यायचे. होता होता त्याचा रिवाजच झाला. ज्याच्याशी जिवंतपणी वाकडं होतं त्याची गाडी ढकलली, की मागचं सगळं मिटलं, असं गाव धरून चालायचं.

लिबार्दोला मात्र या प्रकाराची लाज वाटायची. पण गाडीचा मालक, त्याचा उस्ताद अर्नोबिओ, त्याला नवा पंप काही बसवू देत नसे. "पडते बंद ते बरं आहे, पडू दे," एवढंच म्हणायचा. चिक्कूपणा, दुसरं काय, असं लिबार्दोला वाटे. आता उस्तादच उरला नव्हता. आज दुपारी तोच मागे पेटीत निजून जाणार होता. निदान त्याची गाडी तरी वाटेत अडू नये, एवढीच लिबार्दोची इच्छा होती.

उस्तादची बायको रुबिएला कॉफी घेऊन आली आणि ऐकत उभी राहिली.

"हे काय वाजतंय रे?"

"नवा पंप, काकू. आता चढावर अडायची नाही. उस्ताद राजासारखे जातील."

"आणि ढकलायचं कुणी?"

"कुणालाच ढकलावं लागणार नाही. तेच तर!"

तिनं काळी शाल सारखी केली. "सेफेरिनोनं आज बेकरी उघडली नाही," ती म्हणाली. "सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसलाय."

"येऊ दे की," लिबार्दो म्हणाला आणि हात पुसू लागला. सेफेरिनो आणि उस्ताद एकेकाळचे जिवलग. बेकरीच्या धुरावरून बिनसलं ते बिनसलंच. घरं समोरासमोर, पण एकमेकांचं तोंड बघत नव्हते. उस्तादच्या आजारपणातही सेफेरिनोनं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. काकू पुढे लिबार्दोशेजारी बसली. चढ लागला आणि गाडी निमूट वर निघाली. इंजिन एकदाही कुंथलं नाही. लिबार्दो मनातून सुखावला.

मग त्यानं आरशात पाहिलं. नेहमीच्या जागी, वळणावरच्या आंब्याखाली, पुरुषांनी बाह्या सरसावल्या होत्या आणि आता ते रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत होते. सगळ्यांच्या पुढे सेफेरिनो होता. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत, दोन्ही तळवे पुढे केलेले, धापा टाकत तो मागून येत होता. तो घाईनं पाऊल उचलायचा, आणि गाडी हातभर पुढेच राहायची.

उस्तादची वाट मोकळी करायला म्हणून लिबार्दो निघाला होता, आणि या म्हाताऱ्याची वाट अडवून बसला होता.

फाटक दिसू लागलं. त्यानं हात खाली नेऊन बटण बंद केलं. टिकटिक थांबली, पण गाडी चालतच राहिली. कार्बोरेटरात उरलेलं पेट्रोल संपायला हवं होतं. गाडी बंद पडू दे म्हणून लिबार्दोनं आयुष्यात पहिल्यांदाच देवाची करुणा भाकली. इंजिन खोकलं. एक हिसका बसला आणि गाडी थांबली. त्यानं ब्रेक दाबून धरला.

काकू समोरच बघत होती. "पडली का बंद?"

"पडली, काकू."

"काही कामाचा नाही तुझा पंप," ती म्हणाली आणि तिनं शालीनं डोळे पुसले.

मागे गाडीवर धपाधप हात पडले. लिबार्दोनं ब्रेक सोडला. गाडी हलली, पुन्हा अडली, पुन्हा हलली. त्यानं आरशात पाहिलं. सेफेरिनो मागच्या काचेला तोंड लावून आतल्या पेटीला ओरडून सांगत होता,

"अर्नोबिओ, गाढवा, किती जड झालास रे!"

उत्तराची वाट बघितल्यासारखा तो क्षणभर थांबला. मग त्यानं मान खाली घालून गाडीला खांदा लावला.