थोरलीचं बाकडं

रस्त्यापलीकडच्या गल्लीतून हसण्याचा आवाज आला आणि थोरलीने हातातला बूट काउंटरवर आपटला.

"कोण मेलं एवढं खिदळतंय?"

"गिऱ्हाईकं असतील," नवरा म्हणाला.

असतीलच की. त्या गल्लीत धाकट्या जावेचं पडद्यांचं दुकान होतं. वाटण्यांच्या वेळी थोरलीने हटून बसून हमरस्त्यावरचं हे चपला-बुटांचं दुकान घेतलं आणि ती अंधारी गल्ली धाकटीच्या गळ्यात मारली. पुढे नगरपालिकेने गल्लीत गाड्यांना बंदी केली, दुकानांवरच्या रिकाम्या गोदामांत घरं बांधू दिली, तोंडाशी बसथांबा आणला. माणसं तिथेच राहायला लागली आणि तिथेच खरेदी करायला लागली. गाडी काढायचं कारणच उरलं नाही. उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. पण फिटायचे तर नेमके जावेचेच फिटायला हवे होते का?

आणि आता नगररचना खात्यातली बाई टेप घेऊन थोरलीच्याच दारात उभी होती.

"इथल्या गाड्या हलवल्या तर फुटपाथ रुंद होईल," ती म्हणत होती. "बाकडी ठेवू, झाडं लावू. लोक चालायला लागले की धूर कमी. गल्लीतला केवढा कमी झालाय बघा. पृथ्वी तापतेय म्हणून नुसतं ओरडून काय होणार? रस्तेच बदलायला हवेत."

"आणि गिऱ्हाईक येणार कसं? उडत?" नवऱ्याने विचारलं.

"पृथ्वीचं नंतर बघू," थोरली म्हणाली. "माझं डोकं तापलंय ते आधी बघते." धाकटीचा एक डबा कधीपासून कपाटात पडून होता. तो परत करायला तिला आजचाच मुहूर्त सापडला.

गल्लीत धाकटी गळ्यात मोजपट्टी अडकवून दारात उभी होती. दुकानापुढच्या बाकड्यावर माणसं बसली होती. थोरलीला बघून सगळी आपसूक सरकली.

"या ना वहिनी, बसा."

डबा तिच्या हातात कोंबून थोरली बसली. वर सावली होती, पाठ टेकायला जागा होती. बाकडं सुखाचं होतं, त्याचाच तिला जास्त राग आला. मेलीचं नशीबच असं, ती मनात म्हणाली. हिच्या दारात लोक बसायलासुद्धा येतात, आणि आपल्या दारात कावळा फिरकत नाही.

सवयीने तिची नजर लोकांच्या पायताणांकडे गेली. झिजलेल्या टाचा, उसवलेले अंगठे, फाटके तळवे. चालून चालून गल्लीतल्या सगळ्यांच्या चपलांचे बारा वाजले होते. अगं बाई, आणि ही माणसं घेताहेत काय, तर पडदे!

शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या चपलेच्या पट्ट्याला चक्क पिन लावलेली होती.

"डॉक्टरीणबाई, ही काय दशा? आमच्याकडे यायचं नाही का?"

"अय्या, तुमचं दुकान चालू आहे? मला वाटलं, बंद केलंत!"

थोरलीने धाकटीकडे असं पाहिलं, की दुसरी एखादी असती तर आत पळाली असती. "कोणी सांगितलं तुम्हाला बंद केलं म्हणून?"

"सांगितलं नाही हो कोणी. दिसतच नाही."

"माझ्याकडे काय डोळे वटारता, वहिनी?" धाकटी म्हणाली. "तिकडे बघा."

थोरलीने रस्त्यापलीकडे पाहिलं. पाटीची वरची ओळ तेवढी दिसत होती. रोज सकाळी पुसायची ती काच, एकेक जोड कलता ठेवून सजवलेलं शोकेस, त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मध्ये एक गाडी आडवी पसरली होती, करड्या कापडाने झाकलेली. कुणाची म्हणून विचारायची सोय नव्हती. ते कापड तिने स्वतः शिवलं होतं.

घर चौकाच्या पलीकडे. तरी नवरा दुकान उघडायच्या आधी गाडी आणून दारात लावायचा, आपली जागा दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून. दुकान बंद होईपर्यंत ती तिथून हलत नसे.

"चहा टाकू, वहिनी?"

"नको. तुझं चालू दे."

ती तरातरा रस्ता ओलांडून आली. नवऱ्याचं अजून चाललंच होतं. "मॅडम, आमच्या गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे ते सांगा!"

"अहो, गाडी घरी लावून या," थोरली म्हणाली. "आणि येताना पायी या."

"अगं, पण जागा जाईल ना आपली!"

"जागा राहिली, पण दुकान जातंय त्याचं काय? निघा."

नवरा पुटपुटत बाहेर गेला आणि गाडीवरचं कापड ओढायला लागला. नगररचनावाल्या बाईचा चेहरा खुलला. "म्हणजे इथे बाकडं ठेवलेलं चालेल तुम्हाला?"

गल्लीतून पुन्हा हसण्याचा आवाज आला. त्यात धाकटीचं हसू थोरलीला वेगळं ऐकू आलं.

"तिच्या बाकड्यावर किती माणसं बसतात?"

"चार."

"मग माझं पाचांचं करा."