रिकामं वेटोळं

आमच्या विदा गावात छोटा अजगर घरात शिरला, की "या, बाबा" म्हणून त्याला दोन्ही हातांनी उचलायचं आणि अजगरांच्या देवळात पोचवायचं. माझी आई तसंच करायची. माझ्या नातीनं, हुएफानं मात्र तो पाळायला ठेवून घेतला.

"आजी, बघ ना किती गरीब आहे!" ती त्याला गळ्यात घालून हसली.

"अगं, देवाचा आहे तो. पोचवून ये."

"जेवू दे की आधी!"

तिनं त्याला जमिनीवर सोडून मेलेला उंदीर पुढे धरला. अजगरानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर झेपावला आणि हवेलाच वेटोळं घालून आवळू लागला.

"आजी," हुएफानं छाती धरली, "श्वास..."

वेटोळं सोडवायला मी आत हात घातला. माझ्या बोटांना कोवळ्या, गरम बरगड्या लागल्या.