जाहिरातीपुरता वेळ

गोरक्षच्या आधीच्या नऊ बॉक्सिंगच्या लढती केबलवर लागल्या, म्हणून मखमलाबादेत त्या कुणीच पाहिल्या नाहीत. दहावी साध्या अँटेनावर दिसणार होती, आणि त्याच्या आईच्या, बयाबाईच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

पहिल्याच राउंडला गोरक्षच्या ठोशानं समोरचा भेलकांडला. "पाड की त्याला, बघतो काय!" लहानूमामा ओरडला. पण गोरक्ष मागं सरला, आणि तिथून पुढं नुसता मार खात राहिला. त्याची भुवई फुटली. बयाबाईनं पदर तोंडात कोंबला. राउंड संपला की साबणाची नाहीतर चहाची जाहिरात लागायची. तेवढा वेळ तरी तिच्या लेकाला कुणी मारत नव्हतं. "खंडेराया, जाहिरात लागू दे," असं म्हणत ती दर राउंडला हात जोडायची. सहाव्याला गोरक्षनं एकच ठोसा मारला आणि लढत जिंकली.

दुसऱ्या दिवशी तो आला, तर त्याला बघायला अख्खी आळी दारात उभी. नऊ लढतींत मिळून कमावलं नव्हतं एवढं त्यानं आईच्या ओटीत टाकलं. त्याच्या भुवईला हळद लावताना ती म्हणाली, "पहिल्याच राउंडला पडत व्हता ना त्यो? मग एवढा मार का खाल्ला रे?"

"आई, अँटेनावर फुकट दिसतं. आमचे पैसे जाहिरातीतून निघतात. पाच जाहिराती लागल्याबिगर पाडायचं नाय, असं आयोजकानं बजावलं व्हतं."

बयाबाईचा हात थांबला. काल पाच वेळा तिनं खंडेरायाकडं जाहिरात मागितली होती, आणि पाचही वेळा त्यानं ती दिली होती.