कळ

कल्पना करा बरं, बाळांनो. तुम्ही दवाखान्यात पडद्याबाहेर स्टुलावर बसला आहात आणि आत तुमची आई पालथी झोपली आहे. कितीतरी महिने तिला वाकता येत नाही. जरा वाकली की कळवळते, म्हणून घरात खाली पडलेलं सगळं तुम्हीच धावत जाऊन उचलता.

आतून 'कट्' असा आवाज येतो आणि आई एकदम गप्प होते.

आपल्या गोष्टीतली चिमी अशीच बसली होती; आवाज ऐकून ती ताडकन उठली. "मोडली का हो आईची पाठ?" तिने बाहेरूनच विचारलं.

"मोडली नाही गं, मोकळी झाली," पाठ चोळणाऱ्या डॉक्टरताई म्हणाल्या. "पाठ तशी केव्हाच बरी झाली होती. मेंदूच भित्रा, जरा वाकलं की बोंब ठोकायचा. आता हा 'कट्' ऐकून त्याची समजूत पटली."

आई बाहेर आली. "चिमे, पाय पुढे कर," म्हणाली आणि लेकीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला सरळ खाली वाकली. हूं नाही की चूं नाही.

 

आईला वाकलेलं बघताच चिमीने मात्र दोन्ही हातांनी स्वतःची कंबर धरली आणि कळवळून म्हणाली, "आई गं..."